विनीबाईंची छत्री आणि कसाई ग्रिमशॉ

विनी हॅलिवेल आणि कुस्तीगीर सिरिल ग्रिमशॉ यांची ओळख एका छत्रीच्या टोकाने करून दिली. थॉर्नक्लफ या गिरणगावच्या नगरभवनात सिरिल कुस्तीच्या रिंगणाच्या दोरांवरून वाकून पहिल्या रांगेला दात विचकून दाखवत होता. विनीबाईंनी छत्री अशी काही खुपसली की तो सव्वाशे किलोचा डोंगर उडून छताच्या दिव्याला हात लावून आला. काही जण तर सांगतात, येताना दिवा घेऊनच आला.

तेव्हापासून दर गुरुवारी हे दोघं एकमेकांचे हाडवैरी. जाहिरातीत सिरिलचं नाव 'कसाई ग्रिमशॉ'. त्याची हातोटी एकच. मार बसला की गुडघे टेकायचे, छाती धरायची, गयावया करायची आणि समोरचा विरघळला की त्याच्या पोटात डोकं घालायचं. तो गुडघ्यांवर आला की विनीबाई उठून ओरडत, "नाटक! नाटक!" मग सगळं सभागृह पाय आपटत तेच ओरडे. गावाला ही सवय त्यांनीच लावलेली.

एक गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. जन्मभर कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात काम केलेल्या बायका ओठ वाचून गप्पा मारतात, तशा त्याही मारत. बाकीच्या गिरणीवाल्या मागच्या स्वस्त बाकांवर बसायच्या. पहिल्या रांगेत गिरणीवाली म्हणजे या एकट्याच. त्यामुळे कसाई समोरच्याचा गळा आवळताना काय पुटपुटतो, ते फक्त त्यांना कळे. "आता उजवीकडे पड, राजा. मान सांभाळ." मग तो त्या पोराला असा आपटे, की आवाज तोफेचा आणि धक्का पाळण्यातला. विनीबाई त्या कारागिरीवर फिदा होत्या, म्हणून तर इतक्या जोरात शिव्या देत.

नगरभवनाला जायची दोघांची दुमजली बसही एकच. तो वरच्या मजल्यावर, त्या खाली, आणि नजरानजर नाही. कसाई आणि विनीबाई बोलताना दिसले असते तर धंदाच बसला असता.

त्या गुरुवारी तो खालीच बसला, त्यांच्या शेजारी. चेहरा राखेसारखा. कंडक्टरची शीळ थांबली.

"वरचा मजला पडला काय रे?" विनीबाई ओठ न हलवता म्हणाल्या.

"जिना उंच झालाय हल्ली, मिसेस हॅलिवेल."

"घरी जा मुकाट्याने."

"मग तुम्ही शिव्या कुणाला देणार? मिस्टर हॅलिवेल तर गेले सुटून."

त्या हसल्या नाहीत. तो डाव्या हाताची बोटं उघडमिट करत होता.

त्या रात्री रिंगणात सिरिलसमोर रॉनी फेअरक्लफ होता, नवखा, देखणा, बायकांचा लाडका. दुसऱ्या फेरीतच सिरिल गुडघ्यांवर आला. सवयीने विनीबाई उठल्या, सवयीने ओरडल्या आणि सभागृह पेटलं. पंचाने ढोंगाबद्दल पहिली ताकीद दिली; तिसऱ्या वेळी बाद, असा नियम. तिसऱ्या फेरीत तो पुन्हा बसला. दुसरी ताकीद. एरवी गयावया करताना त्याचा एक डोळा पहिल्या रांगेवर असे. आज तो कुणाकडेच पाहत नव्हता. रॉनीने मागून मान धरली आणि सिरिलचे ओठ हलले.

"थांब, राजा. खरं दुखतंय."

त्या गदारोळात रॉनीला काय ऐकू येणार? विनीबाईंनी आपली घोषणा अर्ध्यावर तोडली.

"सोड त्याला! खरंच दुखतंय त्याला!"

शेजारच्या खुर्चीवरची बेला खिदळली. "बघा, आता विनीपण नाटक करायला लागली!"

"बेला, गप्प बस. अगं, मरतोय तो."

"दर गुरुवारीच मरतो की."

मागे शेकडो पाय ठेक्यात आपटत होते. नाटक, नाटक. विनीबाई छत्री टाकून रिंगणाच्या काठावर चढल्या. लोकांना वाटलं, आज म्हातारी हातानेच बडवणार. छत फाटेल असा जल्लोष झाला. दोन रखवालदारांनी हसत हसत त्यांना कमरेत धरून खाली उतरवलं. उतरताना दोरांखालून सिरिलची नजर त्यांना सापडली. त्यांनी आवाज न करता, गिरणीत बोलत तसं, नुसत्या ओठांनी सांगितलं, "मला कळलं, बाळा."

त्याला ओठ वाचता येत नव्हते.

सिरिल रुग्णवाहिकेत वारला. तिसऱ्या वेळी ढोंग केल्याबद्दल पंचाने त्याला त्याआधीच बाद ठरवलं होतं, आणि तो निकाल तसाच राहिला.