भाऊजींच्या नावाची बाटली

तार अकोल्याला शाळेतच आली. मोर्शीचे आमचे भाऊजी, वामनराव, गेले. मी ती घडी करून खिशात घातली आणि उरलेला तास घेतला. डोळ्यांत पाणी आलं नाही, खोटं कशाला सांगू. आता महिना होऊन गेला. इथल्या वर्तमानपत्राचे संपादक म्हणाले, पुरवणीसाठी त्यांच्याबद्दल चार बरे शब्द लिहा. चार काही जुळेनात... तेव्हा जे आहे तेच लिहितो.

गावात त्यांना तेलवाले वामनराव म्हणत. बागेत गळालेली, व्यापाऱ्यानं उकिरड्यावर टाकलेली संत्री, त्यांच्या साली, यातून या माणसानं सुगंधी तेल काढलं अशी त्यांची ख्याती. अमरावतीचे साबणवाले, अकोल्याचे अत्तरवाले बाटल्या मागवायचे. बाटलीवर वळणदार अक्षरांत भाऊजींचं नाव लिहिलेलं.

भाऊजींनी आयुष्यात एकदाच तेल काढायला घेतलं. अत्तरवाल्यांसारखा अर्क काढायचा तांब्याचा भपका आणला, कल्हई न करताच साली कोंबल्या आणि खाली जाळ लावला. निघालं काय, तर हिरवट, करपट पाणी. तेव्हा माझ्या बहिणीवर, आक्कावर, खेकसले, "तुह्या हातानं काई चांगलं होते का?" आणि तापलेला भपका तिच्याकडे लोटला. तोवर त्या कामाला तिचा हातही लागला नव्हता. मनगटावर डाग मात्र तिच्याच राहिला.

उरलेल्या साली घेऊन आक्का दुसऱ्या दिवशी ओसरीत बसली. साल उलटी दुमडायची, कापसाच्या पेळूवर दाबायची, पेळू ओला झाला की बाटलीत पिळायचा. त्याआधी साली ती कशात तरी भिजवून कडक करायची, कशात ते मी कधी विचारलं नाही. दिवसभर बसली तर बोटभर तेल व्हायचं. सालीचा रस नखांत जाऊन बोटं फाटायची, भाकर थापताना ती ओठ दाबून घ्यायची. आणि भाऊजी ओट्यावर पान लावत गिऱ्हाइकाला सांगायचे, "हे शास्त्र हाय, बुवा. येऱ्यागबाळ्याचं काम नाई." निलाजरा माणूस. मी समोरच बसलेलो असायचो, त्यांनी दिलेलं पान चघळत.

मग अकोल्यात शेतमालाचं प्रदर्शन भरलं. माझं अक्षर चांगलं म्हणून अर्ज लिहायला मला बोलावलं. संशोधकाच्या रकान्यापाशी मी टाक थांबवून विचारलं, "आक्काचं नाव?"

"बायकाईचं नाव कायले पायजे तिथं? माह्यं लिह्य."

मी लिहिलं. कृतीच्या रकान्यात शाळेतल्या एका पुस्तकातून भपक्याची पाच-सहा वाक्यं उतरवली, कोण वाचतो म्हणून. बक्षिसाचा बिल्ला भाऊजींच्या कोटाला लागला. आक्का त्या दिवशी मोर्शीला साली पिळत होती. त्या माणसाला मी कधी माफ केलं नाही, आजही करत नाही.

तेरवी झाली आणि अकोल्याचा अत्तरवाला दारात आला. म्हणाला, "बाई, माल बंद पडू देऊ नका. रीत सांगा, बाटलीवर तुमचं नाव टाकतो." आक्का संत्री सोलत होती आणि साली गाईच्या टोपल्यात टाकत होती. मला भरून आलं. म्हटलं, एवढ्या वर्षांनी का होईना, तिचं तिला मिळतंय. मीच पुढे झालो.

"सांग न, आक्का. आता कोण अडवते तुले?"

तिनं हातातली साल टोपल्यात टाकली.

"मले काहून इचारतं, दत्तू? अर्ज तुनंच लिहिला होता न. त्याच्यात समदं असंन."

अत्तरवाला माझ्याकडे वळला, खिशातून कागद-पेन्सिल काढून. मला काय येत होतं? पुस्तकातली भपक्याची पाच-सहा वाक्यं. गाय साली खात होती. कोनाड्यात शेवटची बाटली होती, आणि तिच्यावरचं भाऊजींचं नाव माझ्या अक्षरात होतं.