टीचचा भूतकाळ

किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी वर्षभर कामगारांना इंग्रजी शिकवायला जात होते, आणि रिकाम्या डब्याबरोबर रोज एखादा किस्सा घरी यायचा. त्यातले निम्मे एकाच क्रियापदाचे. टीच!

*

वर्गात सगळ्यात मन लावून बसायचे रज्जाकभाई. तीस वर्षं लोखंड ओतायचे वाळूचे साचे भरलेला माणूस, आता गुडघे साथ देत नव्हते. नव्या पोरांना शिकवायची जागा निघाली होती, पण त्यासाठी माल घेणाऱ्या कंपनीच्या परदेशी पाहुण्यासमोर इंग्रजीतून प्रात्यक्षिक द्यायचं होतं. "मॅडम, ही जागा गावली न्हाय तर घरात बसायची पाळी हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, गावेल की.

*

टीचचा भूतकाळ टॉट. क्रेनवाल्या शिवाजीरावांना ते काही पटेना. "टीचड का न्हाय?"

"तशी रीतच आहे," मी म्हटलं.

"म्हंजे आमच्या मॅनेजरसायबागत. कारण इचारायचं न्हाय."

*

'आय विल टीच यू' ही धमकीही होते, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी शिवाजीराव उपाशीच आले. घरी वापरून बघितलं होतं म्हणे.

"बायकोनं आधी भाकरी बंद केली, मग अर्थ इचारला!"

*

टीचचं मूळ जुन्या इंग्रजीतलं. तिथं त्याचा अर्थ दाखवणं.

रज्जाकभाईंनी वही मिटली. "आमच्या वस्तादानं कदी तोंडानं काय सांगितलं न्हाय. नुसतं दावलं."

एम.ए.ला जे कळलं नव्हतं ते मला त्या दुपारी कळलं. तेव्हापासून मी फळ्यावर कमी लिहिते. समोर आभार मानले की रज्जाकभाई लाजून चहा सांगतात, म्हणून इथेच मानते.

*

प्रात्यक्षिकाचा दिवस. जागेचा निर्णय पाहुण्याच्या हातात होता. मी पंधरा वाक्यं पाठ करून घेतली होती. रज्जाकभाई "गुड मॉर्निंग" म्हणाले आणि पुढचं सगळं विसरले.

मॅनेजरसाहेब घड्याळ बघू लागले. मी मागे उभी राहून नुसते ओठ हलवत होते.

रज्जाकभाईंनी पाहुण्याच्या हातात मूठभर वाळू दिली आणि स्वतःची मूठ आवळून दाखवली. पाहुण्यानं आवळली. भुगा झाला.

"अगेन," रज्जाकभाई म्हणाले.

थोडं पाणी शिंपडलं, वाळू मळली. पुन्हा भुगा. "अगेन."

चौथ्यांदा गोळा टिकला. मोडला तर मधोमध, स्वच्छ दोन तुकडे! साच्याला अशीच वाळू लागते. पाहुणा लहान मुलासारखा हसला. मग त्यानं खाली वाकून मूठभर वाळू उचलली आणि मॅनेजरसाहेबांच्या हातात दिली.

साहेबांनी मूठ आवळली. बोटांतून वाळू त्यांच्या बुटांवर पडली.

रज्जाकभाई आणि पाहुणा एकदम म्हणाले, "अगेन."