पडले नाही, बसले होते

आक्का गेली त्या दुपारी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी पहिला प्रश्न विचारला तो डॉक्टरांना नाही, तिच्या शेजारणीला, कांबळे वहिनींना. डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हणून लिहून दिलं होतं. "वहिनी, खरं सांगा, ती पडली होती का?" वहिनींनी पदराने तोंड पुसलं. "भाऊ, आता कशाला विचारता?" एवढंच म्हणाल्या... आज दीड महिना झाला, त्या वाक्याचा अर्थ मी लावतोच आहे.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. लग्न केलं नाही. घाटकोपरला स्वतःच्या कमाईच्या एका खोलीत राहायची. पन्नाशी उलटल्यावर उजवा हात थरथरू लागला. कंपवात, डॉक्टर म्हणाले, हळूहळू वाढतच जाणार. पाय अडखळू लागले. जन्मभर तारेवरून बोललेल्या बाईचा आवाज इतका बारीक झाला की तिच्या तोंडाशी कान न्यावा लागे. "मुलुंडला चल माझ्याकडे," मी म्हणालो. "आज नेशील, उद्या बाहेरून कडी घालशील," ती म्हणाली.

तेव्हापासून आम्ही एकमेकांवर पाळत ठेवू लागलो. भर मे महिन्यात तिने लांब बाह्यांचा ब्लाऊज घातला की मला वाटे, आत काळेनिळे डाग असणार. मी मोसंबी घेऊन गेलो की ती विचारी, "भेटायला आलायस, की तपासायला?" एकदा गेलो तर स्टोव्ह भडकलेला आणि ती बाजूला फरशीवर. मी धावलो. "ओरडू नको. पडले नाही, बसले होते." त्या दिवशी ती वहिनींकडे गेली असताना मी बाथरूमची आतली कडी काढून खिशात टाकली. पुढच्या खेपेला पाहिलं, दाराआड भरलेली बादली. "कडी चोरीला गेली रे," ती शांतपणे म्हणाली, "चोर घरातलाच असावा."

दर बुधवारी ती देवळात म्हणून जाई. बुधवारी, आणि हातात पिशवी? माझा विश्वास बसेना. एका बुधवारी ऑफिसला दांडी मारून मी तिच्या मागे गेलो. ती देवळावरून सरळ पुढे गेली, मासळी बाजाराच्या दिशेने. रस्ता ओलांडताना मधोमध तिचे पाय जमिनीला चिकटले. समोरून टेम्पो. मी धावत अगदी तिच्या पाठीशी पोचलो तेवढ्यात तिची पुटपुट ऐकू आली, "एक, दोन, तीन..." आणि पाय सुटला. पलीकडे पोचल्यावर मान न वळवता म्हणाली, "दिनू, मागून काय चालतोस चोरासारखा? आलायस तर पिशवी धर."

"तुला कसं कळलं?"

"तुझ्या चपला लहानपणापासून फरफटतात."

त्या दिवशी तिच्या खोलीत बांगडे खाता खाता आमचा तह झाला. स्टोव्ह पेटवायचा तो वहिनी समोर असतानाच. दुसरी किल्ली त्यांच्याकडे. कडी मी परत बसवायची. लावायची की नाही, ते आक्का ठरवणार. पडली तर वहिनी मला ऑफिसात फोन करणार... तीन वर्षांत एकही फोन आला नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. वहिनींनी काय सांगायचं, हेही आक्काच ठरवत असणार.

गेल्या रविवारी खोली आवरायला गेलो. रंगारी बघायला आला होता. "ही भिंत आधी घासावी लागेल, साहेब," तो म्हणाला. खाटेपासून बाथरूमपर्यंत, कमरेच्या उंचीवर, तेलकट काळ्या पंजांची ओळ होती; आजवर मी ती नुसती मळलेली भिंत समजत आलो होतो. बाथरूमच्या उंबऱ्याशी मात्र ती ओळ खाली घसरली होती, थेट फरशीपर्यंत. तिथून एकावर एक पंजे पुन्हा वर चढत गेलेले. एका दिवसाचे नव्हते ते. कितीतरी वेळांचे होते.

रंगाऱ्याला मी नको म्हणून सांगितलं. तो गेल्यावर खाली बसलो आणि सगळ्यात खालच्या डागावर हात टेकवला. तिथून उठायला मलाही दोनदा जोर लावावा लागला.