आदल्या रात्रीचं जेवण कुणाचं

पार्सिपनीत कुणाचं लग्न ठरलं की गुरुजींच्याही आधी पद्मिनी खैरनारला फोन जातो. अमेरिकेतल्या लग्नाला दोन जेवणं जास्तीची असतात. एक आदल्या रात्रीचं रिहर्सल डिनर, म्हणजे लग्नाची तालीम झाल्यावर दोन्हीकडच्या जवळच्या माणसांचं. दुसरं लग्नानंतरच्या सकाळचं ब्रंच, पाहुण्यांना निरोप द्यायला. ही जेवणं कुठे ठेवायची ते पद्मिनी सांगते. फुकट सांगते, आणि सांगितलेलं ऐकलं नाही तर पुन्हा फोन उचलत नाही.

सातपूरच्या कामगार वस्तीत वाढलेली बाई. नवऱ्याबरोबर इथे आली, काही वर्षं नोकरीची परवानगी नसलेल्या व्हिसाने हात बांधून ठेवले, मग एका डेंटिस्टच्या रिसेप्शनला लागली. ऐन जानेवारीत अपार्टमेंटचं हीटिंग बंद पडलं, तेव्हा टाउनशिपच्या मीटिंगमध्ये माइकसमोर उभं राहून मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने मालकाची सालटी काढली. तेव्हापासून भाडेकरूंची ती पुढारी. भाषण करायला कुणी शिकवलं नव्हतं. राग होता, तेवढा पुरला.

रेस्टॉरंट बघायची तऱ्हाही तशीच. फोटो बघत नाही, रिव्ह्यू वाचत नाही. शनिवारी संध्याकाळी, न सांगता, ऐन गर्दीत जाते आणि किचनच्या दाराजवळचं सगळ्यात वाईट टेबल मागून घेते. वेटरला विचारते, "या सूपमध्ये चिकनचं पाणी आहे का?" तो पटकन 'नाही' म्हणाला की ती जागा बाद. 'थांबा, आत विचारून येतो' म्हणाला, तर पुढचं बोलणं. आमची माणसं तासभर उशिरा आली तर किचन चालू ठेवाल? गुडघे बदललेल्या आजोबांना दारापर्यंत किती चालावं लागेल? ब्रंचच्या बाबतीत तर ती मॅनेजरला बोलूच देत नाही. "भारतातनं आलेली माणसं पहाटेच टक्क जागी होतात. त्यांना अकरापर्यंत उपाशी ठेवून समोर अंडी आणून ठेवणार? सकाळी आठला चहा. उकळलेला. देत असाल तर बोला." आणि मॅनेजर वेटरशी कसा बोलतो, तिकडे तिचा एक कान असतो. हाताखालच्या माणसावर खेकसणाऱ्याकडे ती आपल्या लोकांची पंगत बसवत नाही.

गेल्या सप्टेंबरात ऋता सोहोनी तिच्या दारात आली. ऋता फार्मसिस्ट, पद्मिनीची जुनी शेजारीण. मुलगा नील शाळेत असताना तिचा नवरा गेला. आता नीलचं लग्न ऑक्टोबरात, मेगन नावाच्या अमेरिकन मुलीशी.

"पद्मिनी, मेगनच्या आईचा मेसेज आलाय. म्हणते, तुमच्या रिहर्सल डिनरची वाट बघतोय, कुठे आहे? अगं, आमचं डिनरच नाहीये!"

"नाहीये म्हणजे?"

"भाऊजी म्हणाले, आदल्या रात्री सीमांतपूजन. ते मुलीकडचे करतात. आपण मुलाकडचे, आपण नुसतं जाऊन बसायचं."

भाऊजी म्हणजे ऋताचे मोठे दीर, डॉक्टर नरेंद्र. इथल्या जुन्या मंडळींतले, सगळ्यांचे नरेंद्रकाका. वसुधाताई त्यांची बायको.

"इथे ते जेवण मुलाकडचे देतात, हे या माणसाला इतक्या वर्षांत कळलं नाही?"

"त्यांना दोन्ही मुलीच. दोन्ही जावई मराठी. दोन्ही वेळा जेवण त्यांनीच दिलं, सीमांतपूजन म्हणून."

पद्मिनी खदखदून हसली. दोन्हीकडची मंडळी हात धुऊन एकमेकांच्या पंगतीची वाट बघत बसली होती.

"हसू नकोस. आता भाऊजी म्हणतात, त्यांच्या ओळखीचा बँक्वेट हॉल आहे. दोनशे माणसं, स्टेज, माइक. आमंत्रण त्यांच्या आणि वसुधाताईंच्या नावाने."

"आणि तू कुठे?"

"असेन की. तिथेच."

"तिथेच म्हणजे कुठे, ऋता?"

ऋताने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. "लग्नाच्या सकाळी पुण्याहवाचनालाही तेच दोघं बसणारेत. जोडी लागते ना. मला वाटलं होतं, निदान हे एक जेवण... मेगनची आई, जूडी, लिहिते, 'युअर डिनर'. तिच्या लेखी नीलचं घर म्हणजे मी."

पद्मिनीच्या डोक्यात सणक गेली. तिने तिथल्या तिथे नरेंद्रकाकांना फोन लावला. "काका, पोरगा तिचा, लग्न तिच्या पोराचं, आणि यजमान तुम्ही? विधवा बाईला मागच्या रांगेत बसवायला अमेरिकेत कशाला आलात? ते तर तिथेही जमत होतं!"

 मग काका म्हणाले, "नीलला गाडी चालवायला कुणी शिकवलं, पद्मिनी? कॉलेजच्या दारात सोडायला कोण गेलं? तुम्ही?" ते खोटं नव्हतं. त्या माणसाने केलं होतं, आणि बोलून न दाखवता केलं होतं. "तुम्हालाच सगळं कळत असेल तर तुमचं तुम्ही बघा. शुक्रवारी आम्ही येणार नाही. शनिवारी लग्नाचंही बघू." फोन ठेवला.

पद्मिनी विजयी मुद्रेने वळली. ऋताचा चेहरा लाल झाला होता.

"माझं भांडण होतं ते. तू का भांडलीस?"

"अगं, तू कधी बोलली असतीस?"

"बोलले असते की नसते, ते माझं. शनिवारी ते आले नाहीत तर नीलच्या पाठीशी कोण उभं राहणार? तुझी भाडेकरू संघटना?"

पद्मिनीने हातातला फोन पालथा ठेवला. 

"तू रेस्टॉरंट बघ," ऋता उठली. "बाकीचं मी बघते."

ऑक्टोबरातला शुक्रवार म्हणजे इथे लग्नांचा ऐन हंगाम. पद्मिनीने जिथे म्हणून फोन केला तिथे नन्नाचा पाढा. शेवटी शेजारच्या गावातलं एक घरगुती इटालियन रेस्टॉरंट तिला आठवलं. तिथला वेटर सूपबद्दल आत जाऊन विचारून आला होता आणि म्हणाला होता, "चिकनचं पाणी आहे, पण सांगितलंत तर वेगळं करू." मागची खोली पस्तीस माणसांना पुरेशी. पण दर शुक्रवारी तिथे पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांचा अड्डा. मालकीण म्हणाली, "मी त्यांना उठवणार नाही. हे माझ्या वडिलांचे मित्र."

"मी उठवते," पद्मिनी म्हणाली आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी सरळ जाऊन त्यांच्या टेबलावर बसली. खेळ कळत नव्हता तरी दोन डाव हरली. मग म्हणाली, "माझी मैत्रीण एकटी आहे. मुलाचं लग्न आहे, आणि घरातले सगळे तिच्या वतीने यजमान व्हायला बसलेत."

सगळ्यात म्हाताऱ्याने पत्ते खाली ठेवले. "आईचं जेवण आहे?"

"आईचं."

"मग आम्ही त्या रात्री खिडकीपाशी बसू. केक मात्र आत पाठवलात तर बाहेरही पाठवा."

ठरलं. पद्मिनी ऋताला खोली दाखवायला घेऊन गेली. "सहा गोल टेबलं लावू. दोन्हीकडची माणसं मिसळून बसतात, मी अनेक ठिकाणी केलंय."

"नाही," ऋता म्हणाली. "एकच लांब टेबल. मला सगळे दिसले पाहिजेत."

"अगं, लांब टेबलाला टोकाची माणसं एकटी पडतात."

"मी टोकाला जाऊन बसेन अधूनमधून. यजमानाने फिरायचंच असतं."  लांब टेबल लागलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी ऋता जांभळी नारायणपेठ नेसून रेस्टॉरंटच्या दारात उभी राहिली. हातात चांदीचं तबक. मेगनचे आईवडील, जूडी आणि टॉम, आले तसं तिने जूडीला हळदकुंकू लावलं, ओटी भरली, टॉमच्या मनगटावर अत्तर लावलं. मुलाच्या आईने मुलीच्या आईबापांचं सीमांतपूजन केलं, आणि तेही ज्या बाईला नवरा गेल्यापासून कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं तिने. जूडीचे डोळे भरले. टॉम मनगट हुंगून म्हणाला, "वॉव." नील आईकडे बघतच राहिला. "मॉम, यू नेव्हर टोल्ड मी धिस वॉज हॅपनिंग."

"सगळं तुला सांगायलाच पाहिजे का?" ऋता म्हणाली.

सूप वाढायला घेतलं तेवढ्यात दारात नरेंद्रकाका दिसले. शेजारी वसुधाकाकू, त्यांचा हात काकांच्या कोपराला घट्ट. कुणी कुणाला आणलंय ते दिसतच होतं. पद्मिनी अर्धी उठली. ऋताने नजरेनेच तिला खाली बसवलं आणि तबक घेऊन दाराशी गेली.

"या भाऊजी, या वसुधाताई. तुमची जागा माझ्या उजव्या हाताला ठेवलीय."

काकांनी मनगट पुढे केलं. अत्तर लावून झाल्यावर घसा खाकरून म्हणाले, "उद्या सकाळी आम्ही लवकर येतो. पुण्याहवाचनाला."

"या ना. पण उद्या मी बसतेय."

"तू? गुरुजी?"

"त्यांना मी फोन केला. म्हणाले, बसा की, मला आधी कुणी विचारलंच नाही."

काकांनी ऋताच्या खांद्यावरून रागाने पद्मिनीकडे पाहिलं. पद्मिनीने दोन्ही हात वर केले. "माझ्याकडे काय बघता, काका? मलाही आत्ताच कळतंय!"

वसुधाकाकूंना हसू फुटलं. काका मात्र तसेच उभे. आवाज खाली आला. "मग आम्ही काय करायचं, ऋता?"

"नीलच्या मागे उभं राहायचं. आजवर राहिलात तसं. त्याला तुमच्याशिवाय होणार नाही, आणि मलाही."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि ऋताच्या उजव्या हाताच्या खुर्चीकडे चालू लागले. वाटेत टॉमशी हात मिळवला आणि आपलं नाव सांगून म्हणाले, "मी मुलाचा काका. आज मी पाहुणा." ऋताने तबक पद्मिनीच्या हातात दिलं, स्वतः टेबलाच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांकडे एकदा नीट बघून बोलायला लागली.