कोकणातून लेक आणायला

कोकण फार सुंदर आहे असं कोणी म्हटलं की माझं डोकं उठतं. मी एकदाच गेले होते. एकदा गेले तेवढं या जन्माला पुरलं. समुद्र, झाडी, लाल वाटा, सगळं पाहिलं, अन् त्यातलं काहीही मला पुन्हा पाहायचं नाही.

नवं राज्य झालं त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. तिकडचे कारकून इकडे अन् इकडचे तिकडे अशा बदल्या निघत होत्या. त्यातच एक रत्नागिरीकडचा मुलगा बुलढाण्याच्या कचेरीत आला. शांत, गोरा, भात खाणारा. माझ्या वडिलांना तो आवडला, कारण तो सावकाश बोलायचा. आम्ही घरात सगळेच तोफेच्या तोंडी असल्यासारखे बोलायचो. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न त्याच्याशी झालं अन् वर्षाच्या आत त्याची बदली परत त्याच्या मुलखात झाली. मेहकरच्या स्टँडवर ती एसटीत बसली तेव्हा वडील तिला म्हणाले, दिवाळीला मूळ पाठवतो. लेकीला माहेरी आणायला जो माणूस जातो त्याला आमच्याकडे मूळ म्हणतात.

दिवाळीआधीच वडील गेले. श्रावणात, शाळेत शिकवून घरी आल्यावर, तासाभरात. तार केली, ती पोचली तेव्हा तिकडे बोटी बंद अन् घाटात दरड. धाकटी आली नाही. दिवाळीला पत्र धाडलं तर उत्तर आलं, भातकापणी आहे. संक्रांतीला उत्तर आलं, बघू. आईनं ते पत्र माझ्यापुढं टाकलं अन् म्हणाली, पोरीले डांबून ठेवलं त्यांनी.

मग आखाजी जवळ आली. वैशाखातली ही आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या वऱ्हाडात लेकींचा सण. शेतं रिकामी, कामं नाहीत, पोरी माहेरी येतात, झोके बांधतात. अन् ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलं त्या घरी त्याच्या नावानं पहिली घागर भरतात. मातीची नवी घागर, गार पाणी, वर आंबा. ती घागर भरली की माणूस पितरांत गेला. आईनं सांगून टाकलं की दोन्ही पोरी समोर असल्याशिवाय ती घागर भरणार नाही. भाऊ आम्हाला नव्हता. मी शाळेत शिकवत होते, लग्न केलेलं नव्हतं अन् तोंडानं फाटकी होते. म्हणून मूळ म्हणून मी निघाले. आई म्हणाली, हाताले धरून आण, पण आण.

शेगावहून गाडी, मुंबईहून बोट. बोटीवर मला बोट लागली. पोटात होतं नव्हतं ते सगळं त्या समुद्राला दिलं, अन् शेजारची बाई मला सांगत होती, किनारा बघा, किती छान दिसतो. बंदरात बोट काठाला लागतच नाही. मधेच उभी राहते, अन् हलत्या पडावात, म्हणजे लहान होडीत, आपण उडी मारायची. साडी गुडघ्यापर्यंत ओली, मिठानं ताठ, चपलेत वाळू. जावई घ्यायला आले होते. पिशवी घेतली, प्रवास कसा झाला विचारलं. मी तिथंच वाळूत सांगितलं की मी आखाजीसाठी तिला न्यायला आले आहे. ते म्हणाले, आईशी बोला. अन् दुसऱ्या दिवशी ते आपल्या कचेरीच्या गावी निघून गेले.

घर डोंगराच्या कुशीत. तिथपर्यंत दगडी पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंनी झाडी, अन् ती झाडी एवढी गच्च की भर दुपारी कंदील लावावा. वर आभाळ नाही, समोर क्षितिज नाही. आमच्याकडे माणूस कोसभरावरून येताना दिसतो, त्याला शिव्या द्यायच्या का चहा टाकायचा ते ठरवायला वेळ मिळतो. इथं माणूस एकदम अंगावर येतो. घामानं अंग चिकट, अंथरूण ओलसर, काड्यापेटीतली काडी पेटत नाही. अन् घराच्या मागं डोंगरातून पाण्याचा पाट येतो, रात्रंदिवस वाहतो, पोफळीत जिरतो, कोणी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. ऐन उन्हाळ्यात! माझी आई त्याच वेळी मेहकरला विहिरीवर नंबर लावून उभी असेल. त्या पाण्याचा मला जेवढा राग आला तेवढा समुद्राचाही आला नाही.

धाकटी दारात आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत तेल होतं. फणस फोडत होती. मला वाटलं गळ्यात पडून रडेल. ती हसली, हात धुऊन आली, पाया पडली अन् म्हणाली, "दमलीस ना गं?" गं! आमच्या घरात कोणी कोणाला गं म्हणत नाही, आम्ही वं म्हणतो. सासूबाई मागं उभ्या होत्या. बुटक्या, विधवा, आवाज असा हळू की ऐकायला वाकावं लागावं. त्यांनी पायांवर पाणी घातलं, बसायला पाट दिला, कोकमाचं सरबत दिलं.

मी पेला खाली ठेवायच्या आत विषय काढला. वडिलांची पहिली घागर आहे, हिला न्यायला आले आहे, परतीच्या बोटीनं निघू.

त्या म्हणाल्या, "बघू हं."

हे 'बघू' काय असतं ते मला पुढं कळलं. आमच्याकडे माणसाला नाही म्हणायचं असलं तर तो नाही म्हणतो, वरून चार शब्द ऐकवतो, आपणही ऐकवतो, मोकळं होतं. इथं नाही कोणी म्हणतच नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाल्या, आंबे उतरवताहेत, एवढं होऊ दे, बघू. नंतर म्हणाल्या, आंब्याच्या रसाची साठं ताटात ओतून उन्हात घातली आहेत, पाऊस यायच्या आत वाळली पाहिजेत, बघू. मग आमसुलं. मग फणसपोळी. आमच्याकडे वैशाखात हाताला काम नसतं म्हणून लेकी येतात, अन् त्यांच्याकडे वर्षाची बेगमी त्याच महिन्यात उरकायची असते. हे मला दिसत होतं, मी आंधळी नव्हते. पण एका पोरीवाचून फणस सडणार होते का? अन् प्रत्येक 'बघू'बरोबर ताटात काहीतरी गोड यायचं. घावन-घाटलं, खांडवी, आंब्याचा रस. माझं तोंड बंद करायची ही त्यांची रीत होती असं मी धरून चालले.

धाकटीला त्रास आहे का, ते मी शोधत होते. हातावर चटका आहे का, पाठीवर वळ आहे का, फाटकं नेसते का. काही सापडेना. उलट ती भरली होती. डोक्यावर आंब्यांची टोपली घेऊन त्या निसरड्या पायऱ्या अशी चढायची की पाहणाऱ्याचा जीव वर यावा. सासू तिला वेळेवर चहा द्यायची. याचा मला जास्तच राग येत होता. छळ असता तर मी त्या घराचं छप्पर डोक्यावर घेतलं असतं. नसलेल्या छळाशी भांडायचं कसं? अन् धाकटीला एकटीला गाठावं तर ती दर वेळी काम काढून पसार व्हायची. मी म्हटलं, हिला धाकात ठेवलंय, दुसरं काय.

बोटीचा दिवस जवळ आला तसं माझं टाळकं सरकलं. दुपारी पानं वाढली होती. मी पानावर बसले नाही. उभ्यानंच म्हटलं की हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण मला एक शब्द द्या, तोवर मी या घरात घास घेणार नाही.

सासूबाईंनी वर पाहिलं. पानांवर केळीची दुसरी पानं पालथी झाकली अन् माजघरात जाऊन बसल्या. मला वाटलं, चला, घाव बसला. तासभर गेला, दोन तास गेले. त्या जेवल्या नाहीत. पाहुणा उपाशी असताना घरातलं कोणी जेवत नाही, अशी त्यांची रीत. आंबे उतरवणारे दोघे गडी पडवीत बसून होते, तेही ताटकळले. अन् सगळ्यांच्या मागून जेवणारी धाकटी सकाळपासून नुसत्या चहावर होती. उपास माझा अन् पोटं दुसऱ्यांची जळत होती. तरी मी हटले नाही. मनात म्हटलं, राहा उपाशी, बघू म्हणता ना, बघा आता.

उन्हं कलली तशी धाकटी माझा हात धरून मला मागं पाटावर घेऊन गेली. पाण्यात पाय सोडून बसली. अन् इतक्या दिवसांत पहिल्यांदा आमच्या बोलीत बोलली.

"ताई, जेव वं. त्याइच्यावर काऊन राग काढून राह्यली? मीच सांगतलं त्याइले. मीच म्हटलं, मले पाठवू नका."

मी म्हटलं, खोटं बोलू नको, शिकवलेलं बोलू नको.

"शिकवलं नाही कोणं. दिवाळीले बी मीच नाही म्हटलं, संक्रांतीले बी. पत्र त्याइनं लिहिलं, म्या लिहाले लावलं." ती माझ्याकडे पाहत नव्हती, पाण्याकडे पाहत होती. "तिथं आली का बाबा नसतीन. इथं हायेत ना वं. इथं सांज झाली का मी म्हणते, आता शाळेतून आले असतीन, ओट्यावर बसून पाय धुऊन राह्यले असतीन. म्या त्याइले मेलेलं पाह्यलंच नाही. घागर भरली का सरलं मंग."

लोकांना वाटेल मला रडू आलं असेल. मला राग आला. असा राग मला आधी कधी आला नव्हता अन् पुढंही आला नाही. तोंडात पाणी घातलं ते मी. आंघोळ घातली त्या वेळी बादली धरली ती मी. आईला रात्री उठून मीठ-साखरेचं पाणी पाजलं ते मी. त्यांची बाज भिंतीला उभी करून ठेवली, ती मी रोज पाहते. आमच्या वाट्याला मेलेला बाप, अन् ही इथं झाडीत बसून रोज संध्याकाळी जिता बाप पाहते.

"अन् आम्ही काय करावं मंग?" मी विचारलं.

तिचे खांदे हलायला लागले, आवाज मात्र नव्हता. हे सासूकडून शिकली असेल, आवाज न करता रडणं. आमच्याकडे रडलं की गल्ली गोळा होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. थोड्या वेळानं उठले, आत गेले अन् पानावर बसले. सासूबाईंनी झाकलेली पानं काढली, भात गरम करून आणला. सगळे जेवलो.

बोटीच्या दिवशी धाकटी पायऱ्यांच्या पहिल्या वळणापर्यंत आली अन् तिथंच थांबली. सासूबाई मात्र बंदरापर्यंत आल्या, डोक्यावर आंब्यांची करंडी घेऊन. मी नको म्हटलं, त्यांनी गड्याकरवी ती पडावात ठेवलीच. मग त्या वाकून ऐकावं लागणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "आईंना सांगा, सासूनं सोडलं नाही."

मी म्हटलं, खोटं काऊन सांगू?

"लेकीवर रागावणं आईला जड जातं हो. माझ्यावर रागावू देत. मला काय, इतक्या लांबून ऐकूसुद्धा यायच्या नाहीत त्यांच्या शिव्या."

मी त्यांचे आभार मानले नाहीत. नमस्कारही धड केला नाही. एवढ्या दिवसांत ज्या बाईचा मी मनातल्या मनात हजार वेळा उद्धार केला, तिचा असा उपकार अंगावर घ्यायचा मला भयंकर संताप आला. पडाव हलला, अन् बोटीवर चढते न चढते तोच मी पुन्हा ओकायला लागले.

मेहकरला एसटीतून उतरले तेव्हा ऊन रणरणत होतं, अंग कोरडं झालं होतं अन् दूरवर सगळं दिसत होतं. आई ओट्यावर उभी होती. मला लांबूनच पाहत होती. जवळ आले तरी ती माझ्याकडे पाहीना, माझ्या मागं पाहत राहिली. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं.

"नाही सोडलं?" तिनं विचारलं.

"नाही सोडलं," मी म्हटलं. "सासू नाही म्हणाली."

मग आईनं तोंड सोडलं. ती बाई, तिचं घर, तिचा गाव, तिचा समुद्र, काही शिल्लक ठेवलं नाही. शेजारणी जमल्या, त्यांनीही हातभार लावला. करंडी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, आंबे गल्लीत वाटून टाकले. एकच लेक समोर असली तरी घागर भरणार म्हणाली, त्या बाईच्या नाकावर टिच्चून भरणार. बोलत बोलतच ती घरात आली, हातपाय धुतले अन् चुलीपुढं बसली. मी भाकरी टाकली, वांग्याची भाजी वाढली. बाबा गेल्यापासून आई अर्ध्या भाकरीवर उठायची, तीही पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची. त्या दिवशी तिनं पहिली भाकरी सासूबाईंच्या सात पिढ्या काढत संपवली अन् ताट पुढं केलं.

मी दुसरी वाढली.

"अशा बाईच्या घरी पोर देल्ली वं आपण," ती म्हणाली, अन् घास मोडला.