धोट्याची आकडी

नत्थूजी कोष्ट्याचा मुलगा. घरचा हातमाग बसला तेव्हा तो गिरणीच्या विणाई खात्यात लागला आणि एकवीस वर्षे तिथेच राहिला. मागाच्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की त्याच्या भोकाला ओठ लावायचे आणि श्वासाने सूत बाहेर ओढायचे, ही त्या खात्याची रीत. एकच धोटा दोन्ही पाळ्यांच्या तोंडांतून फिरे. माग तपासणाऱ्या गणपतराव जॉबरच्या तंबाखूची चव नत्थूजीला पाठ झाली होती. तिची किळस कोणाला येत नसे.

चंद्रभानची मात्र येई. तो महार, म्हणून कताई खात्यात. जेवणाच्या सुट्टीत नत्थूजीजवळ उभा राहून तो माग चालवायला शिकला होता.

१९५४ साली अनंतराव हे नवे मॅनेजर आले. यंत्राआधी माणूस, असे ते म्हणत, आणि मनापासून म्हणत. त्यांनी मजुरांची समिती नेमली, मजुरांना टेबलासमोर खुर्च्या दिल्या. कताई खात्याच्या वाट्याला त्यांतली एकही आली नाही. खुर्चीवर बसून नत्थूजीने पहिलीच मागणी केली, चंद्रभानला माग द्यावा.

"अन् तोंडाचं काय?" गणपतरावांनी विचारले.

पुढच्या सोमवारी नत्थूजीने टेबलावर पितळेची बारीक आकडी ठेवली. चंद्रभानने ती घासून घडवली होती. भोकातून आकडी घातली की सूत बाहेर येई, ओठ लावावे लागत नसत. अनंतराव प्रसन्न झाले. महिन्याभरात मागामागाला आकडी टांगली गेली. आता हरकतीला जागा नाही, असे नत्थूजीने गृहीत धरले. माणसांना कारण हवे असते, असे समजण्याची ही चूक होती.

"आकडीले त्याचा हात लागनच ना," गणपतराव म्हणाले.

"तुमच्या हाताले काय अत्तर लागलं आहे?"

समिती हसली. गणपतरावही हसले. "बोल गा, बोल. तुह्या पोरीचं, भागीरथाचं लगन माह्याच घरी ठरून राहिलं, एवढं याद ठेव."

अनंतरावांनी निर्णय दिला नाही. लोकांचे लोकांनी ठरवावे, हे त्यांचे तत्त्व. चंद्रभानच्या बाजूने हात वर करा, असे ते म्हणाले. नत्थूजीचा हात मांडीवर होता. तो तिथेच राहिला. अहवालात 'सर्वानुमते' असे लिहिले गेले. नीचपणाला लोकमत म्हटले की मॅनेजरला तो निस्तरावा लागत नाही.

फाटकाशी चंद्रभान थांबला होता.

"कोणाचे हात वर झाले, नत्थूजी?"

"कोणाचाच नाई."

"तुमचा?"

"कोणाचाच नाई म्हटलं ना गा."

चंद्रभानने क्षणभर त्याच्या हातांकडे पाहिले. "आकडी राहू द्या. तुमाले कामी येईन," म्हणून तो कताई खात्याकडे वळला.

नत्थूजी मागावर आला. कांडी संपली. खिळ्याला आकडी लटकत होती. रांगेतल्या सगळ्याच लटकत होत्या, न वापरलेल्या. त्याने सवयीने धोटा तोंडाला लावला. तंबाखूची तीच चव आली, आणि एकवीस वर्षांत प्रथमच त्याला ओकारी आली.

पलीकडून गणपतराव पाहत होते.

नत्थूजीने तोंड पुसले आणि धोटा पुन्हा ओठांना लावला.