मुलगा पसंत आहे

आमचा फुटबॉल क्लब जसजसा हरत गेला, तसतसे आम्ही त्याचे समर्थक हुशार होत गेलो. शनिवारी संध्याकाळी मॅच हरायची आणि रविवारी सकाळी जुन्या इंदूरातल्या पोह्यांच्या ठेल्यावर जमून ती कशी जिंकता आली असती हे एकमेकांना ओरडून सांगायचं, असा आमचा नेम होता. त्या मोसमात सांगण्यासारखं भरपूर होतं, कारण जिंकायचं कसं हे टीम विसरूनच गेली होती.

ठेल्यावरचे मुख्य वक्ते दोन. एक मी. विम्याच्या ऑफिसात नोकरी करतो आणि घरचे म्हणतात त्याप्रमाणे जरा चिडका आहे. दुसरे म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका. त्यांनी जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही, पण विलायतेतला कुठला क्लब कुणाला विकत घेतोय हे त्यांना त्या क्लबच्याही आधी कळतं.

“भिया, अपना मॅनेजमेंटच बेकार आहे,” काका पोह्यांवर शेव पसरत म्हणायचे. “ट्रान्सफर विंडो खुली पडली आहे, सारी दुनिया प्लेयर उचलतेय, आणि आपले अध्यक्ष? सो रिये हैं!”

“झोपलेत कुठे? साडूच्या पोराला फॉरवर्डला घेतलं ना त्यांनी,” मी म्हणायचो. “ती ट्रान्सफरच झाली. घराच्या सोफ्यावरून थेट मैदानात.”

अध्यक्षांना काढावं हा ठराव दर रविवारी एकमताने पास व्हायचा. मग जिलेबी यायची आणि कुणीतरी आठवण करून द्यायचं की टीम ज्या टेम्पोत बसून मैदानावर जाते तो टेम्पो अध्यक्षांचा आहे. ठराव पुढच्या रविवारवर ढकलून आम्ही जिलेबी खायचो.

या सगळ्या पडझडीत एकच माणूस धड होता, तो म्हणजे गोलकीपर. तो माझा सख्खा भाचा. आमचे आजोबा महूच्या पलटणीत फुटबॉल शिकले आणि निवृत्त होऊन जुन्या इंदूरात आले तेव्हा पेन्शनबरोबर हा क्लबही घेऊन आले, त्यामुळे क्लब म्हणजे आमच्या घरचंच प्रकरण. भाचा सांवेर रोडच्या एका कारखान्यात मशिनचे भाग मोजून तपासायच्या कामावर आहे. उंच, अबोल, हाताची बोटं ही एवढी लांब. त्याने गोल अडवला की आम्ही काही बोलायचो नाही, कारण ते त्याचं कामच. गोल खाल्ला की मात्र सगळं मैदान त्याच्या नावाने शंख करायचं, आणि त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा असायचा.

माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, क्लब जिंकतो की हरतो याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिची काळजी वेगळी होती. भाऊजी गेल्यावर तिने या पोराला एकटीने वाढवलं होतं. तो तिशी ओलांडून पुढे निघाला होता आणि त्याचं लग्न काही जमत नव्हतं. मुलीकडचे घर बघायला यायचे, पोहे खायचे, नोकरी विचारायचे, मग “सुट्टीच्या दिवशी काय करता?” असं विचारायचे. “फुटबॉल,” भाचा खरं सांगून मोकळा व्हायचा. पाहुणे एकमेकांकडे बघायचे, “बरं, कळवतो,” म्हणायचे आणि जायचे. आमच्या बौद्ध घरांत पत्रिका बघत नाहीत. त्यामुळे नकाराचं खापर ग्रहांवर फोडायची सोय नव्हती, सगळा दोष चेंडूवर यायचा.

ताईने ‘कळवतो’ या शब्दाची धास्तीच घेतली होती. गॅसवाल्याला सिलिंडरचं विचारलं आणि तो “कळवतो” म्हणाला, तरी ती दिवसभर गप्प बसायची. “एकदा कुणीतरी माझ्या पोराला हो म्हणू दे,” ती मला म्हणायची. “तोंडावर. कळवतो नाही, हो. मग मला काही नको.”

अशात एके दिवशी तिचा ऑफिसात फोन आला. आवाजावरून आधी मला वाटलं, ती पायऱ्या चढून आली असावी.

“रविवारी सकाळी घरी ये. मामा पाहिजे. तुकोगंजातून माणसं येतायत, डॉक्टर आहेत! खुदच फोन केला त्यांनी. म्हणाले, तुमच्या मुलाला बघायला यायचं आहे, घरात मोठं कोण आहे, त्यांच्याशी रीतसर बोलायचं आहे. रीतसर म्हणाले, ऐकतोयस ना?”

त्या रविवारी मी ठेला सोडून ताईकडे गेलो. तिने पडदे धुतले होते, पोह्यांसाठी उसळ वेगळी केली होती, आणि भाच्याला इस्त्रीचा शर्ट घालून आत बसवून ठेवलं होतं. दारात दोन गृहस्थ आले. एक चष्मेवाले, अदबशीर. दुसरे ट्रॅकसूटमध्ये. चष्मेवाल्यांना मी लगेच ओळखलं. हाडांचे डॉक्टर, आणि ज्या क्लबने मागच्याच महिन्यात आम्हाला लोळवलं होतं त्याचे सेक्रेटरी.

तरी मी स्वतःची समजूत घातली की डॉक्टरांनाही पुतणी-भाची असू शकते. त्यांनीही मला ओळखलं. “आपण इथे?” ते म्हणाले.

“मी मुलाचा मामा.”

“वा! मग तर बरंच झालं,” ते म्हणाले, पण त्यांचा चेहरा काही तसं म्हणत नव्हता.

जमाना बदललाय म्हणून ताईने पोह्यांचा ट्रे भाच्याच्याच हातात दिला होता. तो बाहेर आला, पाहुण्यांना बघून दचकला, पण ट्रे हलला नाही. ट्रॅकसूटवाल्यांनी पोह्यांकडे पाहिलंच नाही. ते ट्रेखालची बोटं बघत होते.

“उंची किती?” डॉक्टरांनी विचारलं.

“सहा फूट,” ताईच म्हणाली. “वर थोडी आहे. त्याच्या वडिलांकडून आली.”

“जरा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवता?”

माझ्या आत्याला बघायला आले होते तेव्हा तिला असं चालायला लावलं होतं, हे घरात अजून रागाने सांगतात. आता आमचा घोडा मान खाली घालून चालला. डॉक्टरांनी वाकून त्याचा उजवा गुडघा दाबला. ताई माझ्या कानाशी लागली. “डॉक्टर लोक आहेत. ठोकबजाके बघतात.”

“रात्री लाइटमध्ये नीट दिसतं ना?” ट्रॅकसूटवाल्यांनी विचारलं. “आमच्याकडे जास्त करून रात्रीचंच असतं.”

तेव्हा मला कळून चुकलं. पुतणी नव्हती, भाची नव्हती. हे लोक आमचा गोलकीपर न्यायला आले होते, आमच्याच घरी बसून, आमचेच पोहे खाऊन. मी तोंड उघडलं. तेवढ्यात ताईकडे लक्ष गेलं. भाऊजी गेल्यापासून तिचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. मी तोंडात पोह्यांचा घास घातला.

“तुमच्यापासून काही लपवत नाही,” डॉक्टर म्हणाले. “आमच्याकडे आधी एक होता. मागच्या महिन्यात सोडून गेला.”

ताईचा हात बशीवरच थांबला. “म्हणजे... आधी एक झालेलं आहे?”

“एक नाही हो. चांगले तीन झाले. कुणी टिकतच नाही.”

ताई पाणी प्यायली. तिच्या मनात काय उलथापालथ चालली असेल ती मला दिसत होती. तिने ग्लास खाली ठेवला आणि मोठ्या मनाने म्हणाली, “होतं असं कधी कधी. त्यात तिची काय चूक?”

आता टीम हा शब्द मराठीत बाईमाणूस आहे, याला कोण काय करणार! डॉक्टर एकदम सरसावून बसले. “अगदी बोललात! लोकांना हेच कळत नाही. तिची काही चूक नाही. चूक मॅनेजमेंटची. आम्हीच तिच्याकडे लक्ष दिलं नाही.”

“आम्ही जुन्या विचारांचे नाही,” ताई म्हणाली. “माझा मुलगा तिला सांभाळून घेईल.”

“तेच बघायला आलो होतो.” डॉक्टरांनी ट्रॅकसूटवाल्यांकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली. “मग उगीच घोळ कशाला? मुलगा आम्हाला पसंत आहे. कळवतो-बिळवतो काही नाही. तुम्ही हो म्हणा, याच आठवड्यात घेऊन जातो.”

ताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पदराने पुसत ती हसत होती. “याच आठवड्यात? अहो, तयारीला तर टाइम द्या! आणि मुलीचा एखादा फोटो तरी...”

“कुठल्या मुलीचा?” डॉक्टर म्हणाले.

भाचा रिकाम्या ट्रेकडे बघत होता. डॉक्टरांनी आधी ताईकडे, मग पोह्यांकडे, मग धुतलेल्या पडद्यांकडे पाहिलं आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. ते उठून उभे राहिले. “ताई, माफ करा. मी... आम्ही फुटबॉलबद्दल बोलत होतो. मैदानात विचारलं की मारामाऱ्या होतात, म्हणून म्हटलं घरी जाऊन मोठ्यांना विचारावं.” ट्रॅकसूटवाल्यांनी पोहे खायला सुरुवात केली.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आता ताई यांना हाकलणार आणि गोलकीपर आमच्याकडेच राहणार. पण ताई जागची हलली नाही.

“तुम्ही तुकोगंजातून इथे आलात,” ती सावकाश म्हणाली, “ते फक्त याला बघायला?”

“हो.”

“काय बघितलं याच्यात?”

डॉक्टर परत बसले. “तुमच्या क्लबचं सोडा, तो हरणारच. पण चार गोल खाल्ल्यावर लोक खांदे पाडतात. हा पाचव्यावरसुद्धा तितक्याच जोरात झेप घेतो. असा माणूस मला आमच्याकडे पाहिजे.”

ताई माझ्याकडे वळली. “हे तू मला कधी बोलला नाहीस.”

“त्यात बोलायचं काय? त्याचं कामच आहे ते,” माझ्या तोंडून निघून गेलं. त्यानंतर त्या खोलीत माझ्या बाजूचं कुणी राहिलं नाही. आमच्याच घरात बसून मी परका झालो होतो.

“पसंत म्हणालात ना?” ताईने डॉक्टरांना विचारलं. “मग आता शब्द फिरवायचा नाही. न्या. फक्त चौदा एप्रिलला, जयंतीच्या मॅचला तो इकडूनच खेळेल. माहेर आहे ते त्याचं.”

“मंजूर,” डॉक्टर म्हणाले.

“आणि तुझं काय?” मी भाच्यावर खेकसलो.

“आई म्हणेल तसं,” तो लाजत म्हणाला.

ठेल्यावर बातमी माझ्या आधी पोचली होती. “घरका प्लेयर घरातूनच घालवला!” काका कडाडले. “काही फी तरी घेतली का भिया?”

“एक प्लेट पोहे,” मी म्हणालो. “तेही आमचेच.”

गोलकीपर ज्याने घालवला त्यानेच नवा आणावा, असा ठराव झाला. जिलेबी आल्यावरही तो फिरला नाही. अध्यक्षांनी उदार होऊन शोधासाठी टेम्पो दिला. काकांनी फोनवर आठ-दहा विलायती गोलकीपर दाखवले, त्यांतला एकही सांवेर रोडवर राहत नव्हता. शेवटी कुणीतरी एका तरुणाचा पत्ता दिला. मी त्याच्या घरी गेलो, रीतसर, मोठ्यांना भेटायला.

तरुण अंगाने भरलेला आणि बोलका होता. चहा आणता आणता त्याने एक बशी फोडली. मी सहज म्हणून ताटलीतलं संत्रं त्याच्याकडे उडवलं. ते त्याच्या दोन्ही हातांमधून आरपार गेलं आणि कपाटाखाली घरंगळलं. मी मनात वाक्य जुळवायला घेतलं. बघू, कमिटीशी बोलून कळवतो.

त्याची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात पोह्यांची प्लेट होती आणि ती पुढे येत नव्हती. “याला कुठे घेतच नाहीत हो,” ती हळूच म्हणाली. “सगळे बघून जातात फक्त.” ती माझ्या तोंडाकडे बघत होती. असं बघणं मी ताईच्या घरी फार वर्षं पाहिलं होतं.

“मुलगा पसंत आहे,” मी म्हणालो.

पुढच्या शनिवारी आम्ही इतके गोल खाल्ले की मोजणाऱ्यांत भांडण झालं. एक मात्र त्याने अडवला. हाताने नाही, पोटाने, आणि बहुतेक चुकून. रविवारी ठेल्यावर काका माझ्या मॅनेजमेंटचे वाभाडे काढायला टपून बसले असणार, हे मला ठाऊक होतं. तिकडे जायच्या आधी मी त्याच्या आईला फोन लावला आणि तो एक गोल त्याने कसा अडवला, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट सांगितलं.